मागच्या बाकावरचा माणूस

१

आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत पक्ष पडणे ही काही नवी गोष्ट नाही. परीक्षेच्या पाळ्या, स्नेहसंमेलनाचे नाटक, वेतन आयोगाचा फरक, यांपैकी कशावरूनही पक्ष पडतात आणि मधल्या सुटीच्या चहाबरोबर विरघळतात. परंतु मी मोटार घ्यावयाची ठरवली आहे ही बातमी फुटली, आणि त्या दिवशी जे दोन पक्ष पडले ते अद्याप विरघळलेले नाहीत. एक पक्ष टाटांच्या नेक्सॉनचा, दुसरा मारुतीच्या ब्रेझाचा. गणिताच्या सरांनी कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता केला, भूगोलाच्या बाईंनी त्यांच्या दिरांचा अनुभव सांगितला, आणि ज्यांनी आयुष्यात कधी चाक हातात धरले नाही अशा दोघांनी तर टर्बो या विषयावर पाऊण तास व्याख्यान दिले. घरी पुतण्याने तीस-पस्तीस चित्रफिती दाखवल्या. प्रत्येकीत एक उत्साही तरुण दोन गाड्यांभोवती फेऱ्या घालतो, दारे आपटून त्यांचा आवाज ऐकवतो आणि शेवटी म्हणतो की, निर्णय तुमचा!

याखेरीज एक तिसरा पक्षही निघाला. तो आमच्या साहित्यिक मित्रांचा. त्यांचे म्हणणे असे की, लेखकाने अशा चर्चेत पडावेच कशाला? एका ज्येष्ठ मित्रांनी मला फोनवर विचारले, "मास्तर, तुम्हीसुद्धा?" सीझरनेदेखील हा प्रश्न इतक्या दुःखाने विचारला नसेल.

मला या तिन्ही पक्षांशी भांडावयाचे आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. आमचे वडील शेवटपर्यंत तिला मॅट्रिकच म्हणत. हात बरा होता म्हणून चित्रकलेचा मास्तर झालो, आणि मास्तरकीतून वेळ काढून तीन कादंबऱ्या लिहिल्या. मोटारशास्त्र मला येत नाही. परंतु आठ-दहा लाख रुपये ही ज्याच्या आयुष्यातील घराखालोखाल मोठी खरेदी आहे, त्याला त्या खरेदीविषयी विचार करण्याचा हक्क आहे. आणि तो विचार आपण किती उथळपणे करतो हे सांगण्याचाही.

२

आधी साहित्यिक मित्रांचे पाहू, कारण त्यांचे म्हणणे वरकरणी सर्वांत उदात्त आहे. त्यांच्या मते मोटार हे मध्यमवर्गाच्या अधःपतनाचे चिन्ह. पायी चालणारा लेखक माणसे पाहतो, गाडीतला लेखक काचा पाहतो.

हे वाक्य चांगले आहे. परंतु माझी आई बहात्तर वर्षांची आहे आणि ती कुंभार्ली घाटाच्या खाली, चिपळूणकडच्या एका खेड्यात राहते. मी नोकरीसाठी कऱ्हाडला. मधे पाटण, कोयनानगर आणि मग तो घाट. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. गेल्या आषाढात आई परसात घसरून पडली. शेजाऱ्यांनी निरोप दिला तेव्हा रात्र झाली होती. मिळाली ती भाड्याची गाडी घेऊन मी खाली गेलो, आणि पहाटे आईला घेऊन घाट चढू लागलो. गाडीच्या मागच्या सीटवर तिला नीट बसताही येईना आणि आडवेही होता येईना. पाय लांब करावा तर दार, दुमडावा तर गुडघा. प्रत्येक वळणाला ती माझा दंड धरी, आणि "हळू घ्या हो," असे त्या अनोळखी चालकाला इतक्या अदबीने सांगे की मला माझीच लाज वाटली. हाड मोडले नव्हते हे नंतर कळले. पण त्या तीन तासांत मी ठरवले की, गाडी घ्यायची.

आता या निर्णयात अधःपतन कोठे आले? मी मान्य करतो की, समाजाच्या दृष्टीने खरे उत्तर मोटार नव्हे. वेळेवर येणारी बस आणि जवळ असलेला दवाखाना हे आहे. चाळीस माणसे एका बसने गेली तर रस्ता रिकामा राहतो. तीच माणसे वीस मोटारींनी गेली की घाट तुंबतो. हे मी वर्गात मुलांना सांगतो आणि सांगत राहीन. परंतु खरे उत्तर येईपर्यंत आईने परसात पडू नये असा नियम करता येत नाही.

माझी खरी तक्रार निराळी आहे. आमच्या साहित्यातील सोवळी मंडळी खरेदी-विक्रीचा विचार हलका मानतात, आणि त्यामुळे तो विचार सर्वस्वी विक्रेत्याच्या हाती जातो. ज्या गोष्टीवर माणूस सात वर्षे हप्ते भरणार, जिच्यात बायकामुलांना बसवून तो हमरस्त्याला लागणार, तिच्याविषयी शहाणपणाची चार वाक्ये बोलणे हे लेखकाचे काम नाही, तर कोणाचे? जाहिरात लिहिणाऱ्याचे? तो तर ते मन लावून करतोच आहे.

३

आता नावाकडे वळू. या दोन्ही गाड्यांना 'कॉम्पॅक्ट एस. यू. व्ही.' म्हणतात. चित्रकलेच्या मास्तराला आकार पाहण्याची खोड असते. मी त्या दोन्ही गाड्यांसमोर उभा राहिलो आणि त्यांची रेखाचित्रे काढली. बाहेरचे कपडे उतरवले, म्हणजे चाकांभोवतीची काळी प्लास्टिकची पट्टी, छतावरचे दांडे, उभट नाक आणि रुंद जबडा पुसून टाकला, की खाली उरते ती थोडीशी उंच केलेली घरगुती मोटार. पूर्वीच्या जीपगाडीचा सांगाडा निराळा, चाल निराळी. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जुळवावयास सुरुवात केली. त्या चारही चाकांनी चिखल ओढीत असत. नेक्सॉन आणि ब्रेझा या दोन्हींची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. चारही चाकांना ताकद देणारा प्रकार या दोन्हींत नाही. शेताच्या बांधावरून जाण्यासाठी या गाड्या नाहीत. बांधावरून गेल्यासारखे वाटावे म्हणून आहेत.

मग हा वेष आला कोठून? त्याचे मूळ कारखान्यात नसून अर्थसंकल्पात आहे. २००६ साली केंद्राच्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. लहान मोटार कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सी. सी.पर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सी. सी.पर्यंत. झाले! देशातील मोटारींच्या शेपट्या कापल्या जाऊ लागल्या. २००८ साली टाटांनी इंडिगोची डिकी आखूड करून ती चार मीटरच्या आत बसवली. २००९ साली, जिने एके काळी कुर्ल्यात पद्मिनी बनवल्या त्या प्रीमियर कंपनीने रिओ नावाची छोटी जीपवजा गाडी काढली. ती फारशी चालली नाही. २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट आली आणि खरी लाट उसळली. २०१६ साली व्हिटारा ब्रेझा, २०१७ साली नेक्सॉन. आज या दोघींची लांबी किती असावी? दोन्हींची ३,९९५ मिलिमीटर. दोन निरनिराळ्या कंपन्या, एक हरियाणात गाडी बनवणारी, दुसरी आपल्या पुण्याजवळ रांजणगावात. दोघींच्या चित्रकारांना एकाच लांबीचा साक्षात्कार व्हावा, हा काही कलेचा योगायोग नव्हे. ती करपट्टीची खूण आहे.

याहून गंमतीची गोष्ट पुढे आहे. २०१७ साली जी. एस. टी. आला तेव्हा मोठ्या एस. यू. व्ही.वर जबर अधिभार बसला, आणि त्यासाठी तिची व्याख्याही झाली: लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सी. सी.पेक्षा मोठे, आणि जमिनीपासूनची उंची निदान १७० मिलिमीटर. आपल्या दोन्ही गाड्या यांतली फक्त तिसरी अट पुरी करतात. म्हणजे गिऱ्हाइकाला सांगताना ती एस. यू. व्ही., आणि सरकारला सांगताना ती एस. यू. व्ही. नव्हे! एकाच तोंडाने दोन ठिकाणी दोन जाती सांगणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो, ते मी लिहीत नाही.

आणि तरीही या दोन गाड्यांत कराच्या दृष्टीने मोठा भेद आहे. तो आमच्या शिक्षक-खोलीतील एकाही पंडिताच्या तक्त्यात नव्हता. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन ११९९ सी. सी.चे, तीन सिलिंडरांचे. म्हणजे कायद्याने ती लहान गाडी. ब्रेझाचे १४६२ सी. सी.चे, चार सिलिंडरांचे; लांबी चार मीटरच्या आत असूनही इंजिनामुळे ती लहान नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवरचा एकूण कर २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ब्रेझाच्या वर्गावरचा ४५ वरून ४० वर. अर्थात ब्रेझा घेणारा जे पैसे मोजतो त्यात लोखंडाचा वाटा कमी आणि करमणुकीविना कराचा वाटा जास्त आहे. हे कळल्यावर कोणी ब्रेझा घेऊ नये असे मी म्हणत नाही. पण कळल्यावर घ्यावी.

शिवाय त्या उंचीचे प्रकरण. पत्रकात नेक्सॉनची जमिनीपासूनची उंची २०८ मिलिमीटर, ब्रेझाची १९८. या दहा मिलिमीटरांवर, म्हणजे एका सेंटिमीटरवर, आमच्याकडे एक आख्खी मधली सुटी खर्च झाली. ही उंची बहुधा रिकाम्या गाडीची असते. पाच माणसे आणि तांदळाचे पोते आत गेले की ते सेंटिमीटर कोठल्या कोठे जाते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पण मला प्रश्न पडला तो दुसराच. इतकी उंची लागते कशाला? भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट कमानीसारखा असावयास हवा. त्यावरून कोणतीही साधी मोटार पोट न घासता जाईल. आपल्याकडे मात्र गल्लीतील कोणाही प्रतिष्ठिताने रात्रीतून डांबराचा वरवंटा टाकावा आणि त्याला गतिरोधक म्हणावे. खड्डे बुजत नाहीत, म्हणून आपण उंच गाडी घेतो. आणि उंच गाडी घेतली की खड्ड्याविषयी तक्रार करणे सोडतो. सार्वजनिक दोषाची भरपाई आपण खासगी खिशातून करतो, आणि वर त्या भरपाईला ऐट म्हणतो. स्कूटरवरून जाणारा आमचा शिपाई त्याच खड्ड्यात रोज पडतो. त्याच्यासाठी २०८ मिलिमीटरांचे मॉडेल अजून निघालेले नाही.

एक गुण मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. बुटक्या मोटारीत म्हाताऱ्या माणसाला खाली उतरावे लागते आणि बाहेर येताना वर चढावे लागते. या गाड्यांत सीट कमरेच्या जवळपास येते, आणि टेकले की बसले. ज्याच्या घरी दुखरे गुडघे आहेत त्याला या एका गुणापुढे बाकीचा वेष क्षम्य वाटेल. मला वाटला.

४

आता तुलना करणाऱ्यांचे. गणिताच्या सरांचा तक्ता बत्तीस ओळींचा होता. त्यात सनरूफ होते, पडद्याचा आकार होता, दिव्यांचे रंग होते, आणि सर्वांत वर, जाड ठशात, 'ॲव्हरेज' होते. मराठी माणसाची मोटारविषयक गीता या एका शब्दात सामावलेली आहे. म्हणून त्या शब्दाचाच हिशेब करून पाहू.

समजा, एक गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि दुसरी १८. आपण वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरतो, आणि पेट्रोल सोयीसाठी शंभर रुपये लिटर धरले. पहिलीला ६६७ लिटर लागते, दुसरीला ५५६. फरक १११ लिटरांचा, म्हणजे वर्षाला सुमारे ११,१०० रुपये. आता दुसरा हिशेब. आठ लाखांचे कर्ज द. सा. द. शे. ९ दराने सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,८७० रुपये पडतो. म्हणजे ज्या ॲव्हरेजवरून आपण भाऊबंदकी करतो त्याची वर्षभराची बचत एका हप्त्याइतकीही नाही. तेच कर्ज पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १६,६०० होतो, पण एकूण व्याज २ लाख ८१ हजारांऐवजी १ लाख ९६ हजार भरावे लागते. पंच्याऐंशी हजारांचा हा फरक सरांच्या तक्त्यात एकाही ओळीत नव्हता. आणि मधले मॉडेल सोडून काचेच्या छताचे वरचे मॉडेल घेण्यासाठी दीड लाख जास्त मोजले, तर ते पैसे ॲव्हरेजमधून भरून निघावयास साडेतेरा वर्षे लागतील. तोवर गाडीही राहणार नाही आणि छत उघडून आकाश पाहण्याची हौसही.

मी सरांना हे दाखवले. ते प्रामाणिक गृहस्थ, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पण सर, टॉप मॉडेल घेतलं नाही तर लोक विचारतात." एवढ्यासाठी मला त्यांचा आदर वाटतो. बाकीचे हेच मनात ठेवतात आणि तक्ता काढतात.

तुलनेत खरोखर विचार करण्याजोग्या ज्या गोष्टी आहेत त्या थोड्या आहेत. घाटाचा माणूस म्हणून मला इंजिनाची चाल महत्त्वाची वाटली. नेक्सॉनच्या लहान इंजिनाला टर्बो आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतावर एक पंखा फिरतो आणि तो आत जास्त हवा कोंबतो. त्यामुळे तिची १७० न्यूटन-मीटरची ओढ १७५० फेऱ्यांपासूनच मिळते. ब्रेझाच्या इंजिनाला टर्बो नाही. त्याची ओढ सुमारे १३७, आणि तीही ४४०० फेऱ्यांवर. कुंभार्लीच्या वळणावर गाडी भरलेली असताना पहिल्या प्रकारात गिअर कमी बदलावे लागतात. उलट गाडी जागेवर उभी असताना तीन सिलिंडरांची थरथर पायाला जाणवते, चार सिलिंडरांची तितकी नाही. आणि गावातल्या गावात संथ चालवणाऱ्याला ब्रेझाचे साधे इंजिन सरळ वळणाचे वाटेल. नेक्सॉनची डिकी ३८२ लिटरांची, ब्रेझाची ३२८. ब्रेझाचे छत मात्र ६५ मिलिमीटर उंच. गॅसवर चालणाऱ्या प्रकारांत ब्रेझाच्या डिकीत एक मोठी टाकी बसते आणि सामान उरलेल्या फटीत जाते. नेक्सॉनमध्ये २०२४ पासून दोन लहान टाक्या तळाशी घालून ३२१ लिटरांची जागा ठेवली आहे. मारुतीचे मिस्त्री आणि सुटे भाग तालुक्या-तालुक्याला मिळतात, याचे मोल पावसात बंद पडलेल्यालाच कळते. किंमत पाहताना शोरूमची नव्हे, रस्त्यावरची पाहावी. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांतील गाडीला १२ टक्के वाहनकर पडतो. डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त.

इतके पाहिले की तुलना संपावयास हवी. ती संपत नाही, कारण ती गाड्यांची नसतेच. ती शेजारच्या वाड्यातील पार्किंगची असते. अमक्याने काय घेतले, आपण त्याच्या खाली दिसता कामा नये. ही तुलना कोणत्याही पत्रकात छापलेली नाही, पण प्रत्येक पत्रक तिच्याच भरवशावर छापलेले आहे.

५

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते. त्या पस्तीस चित्रफितींत आणि बत्तीस ओळींत एक माणूस कोठेच नव्हता. तो म्हणजे मागच्या सीटवर बसणारा.

मास्तराला मागच्या बाकाची सवय असते. वर्गात पुढची पाच मुले उत्तरे देतात आणि तपासनीस खूश होऊन जातो; मागच्या बाकावर कोण बसले आहे ते त्याला दिसत नाही. मोटारीच्या बाबतीत आपण सगळे असे तपासनीस झालो आहोत. पडदा पुढे, बटणे पुढे, थंड हवेची नळी पुढे. गाडी पाहण्यासाठी मी निरनिराळ्या कंपन्यांची पाच-सहा दालने पालथी घातली. घरातला कर्ता पुरुष चाकामागे बसतो, मुलगा शेजारी बसून पडदा चाळवतो, आणि आई, बायको, आजी बाहेर उभ्या राहून "छान आहे" म्हणतात. सहा-सात वर्षे मागे कोण बसणार? त्याच.

मग त्यांच्या जिवाचे काय? भारत सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सीटचा पट्टा लावलेला नव्हता; आणि त्या १६,७१५ पैकी जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती. ते मागे बसले होते, आणि मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. आठवडाभर सगळे पट्ट्याविषयी बोलले. आज कोणत्याही लग्नाच्या वऱ्हाडात पाहा. मागचे पट्टे सीटच्या फटीत खुपसलेले असतात, बसताना टोचतात म्हणून. मागच्याने पट्टा लावणे कायद्याने सक्तीचे आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे, आणि तरी मी एकदा आठवण केली तेव्हा एक नातलग रागावले. "गाडी तुम्ही नीट चालवा म्हणजे झालं," असे ते म्हणाले. जणू पट्टा लावणे म्हणजे चालकाचा अपमान!

ताऱ्यांचेही तसेच. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एन्कॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते प्रथमच मिळत होते. त्याच वर्षी व्हिटारा ब्रेझाला चार मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एन्कॅप ही कसोटी सुरू झाली, आणि तीतही नेक्सॉनने पाच मिळवले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पंचवीस वर्षांपूर्वी गिऱ्हाईक दार वाजवून पत्रा जाड की पातळ एवढेच पाही. आता निदान मोजमाप आले. पण व्हिटारा ब्रेझा ही जुनी गाडी होती. २०२२ साली आलेली ब्रेझा नवी आहे. जुने तारे नव्या गाडीला चिकटवणे किंवा जुन्या उणिवा नव्या गाडीला लावणे, दोन्ही अन्यायच. आणि ताऱ्यांचा अर्थ काय? समोरच्या धडकेची ती कसोटी ताशी ६४ किलोमीटर वेगाची असते. मॅट्रिकपर्यंतच्या विज्ञानातही हे शिकवतात की, वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ८० च्या वेगाला ती ६४ च्या दीडपट होते. आणि समृद्धी महामार्गावर कायद्याने परवानगी असलेल्या १२० ला साडेतीनपट. पाच तारे म्हणजे पाच जीव नव्हेत. तारे पाहून गाडी घ्यावी, हे योग्य. तारे आहेत म्हणून १२० ने हाणावी, हे त्या ताऱ्यांचा अर्थ न कळल्याचे लक्षण.

माझे म्हणणे कोणाला अतिरेकी वाटेल. गाडी घेणे हा आनंदाचा प्रसंग. पेढे, हार, नारळ, चाकाखाली लिंबू. त्यात हा मास्तर मरणाच्या गोष्टी काय सांगतो? पण चाकाखाली लिंबू तरी आपण कशाला ठेवतो? भीती आपल्यालाही आहे. ती आपण लिंबावर सोपवतो आणि पट्टा फटीत खुपसतो.

६

मग मी काय केले? घरच्यांना आणि शिक्षक-खोलीला वाईट वाटेल अशी गोष्ट केली. तक्ता बाजूला ठेवला, आणि आईला बरे वाटल्यावर तिला कऱ्हाडला आणून दोन्ही गाड्यांजवळ नेले. पुतण्या म्हणाला, "काका, आजीला काय कळतंय?" मी म्हटले, बसायचे तिला आहे.

आईने पुढच्या सीटकडे पाहिलेही नाही. तिने मागचे दार उघडायला लावले, आत हात टेकला, एक पाय घातला, मग दुसरा. बाहेर आली. पुन्हा आत गेली. असे दोन्ही गाड्यांत तीन-तीनदा केले. विक्रेता छताची काच उघडून दाखवू लागला तेव्हा ती म्हणाली, "ते राहू दे बाळा, ऊन येतंय." एका गाडीचे छत जरा खाली होते, चढताना तिला मान लववावी लागली. मी म्हणालो, "आई, ही नको मग." ती म्हणाली, "मान वाकवायची सवय आहे रे मला. गुडघा वाकत नाही. ह्यात गुडघा कमी वाकतोय."

ती नेक्सॉन होती. मधले मॉडेल घेतले, छताला काच नसलेले, पाच वर्षांच्या हप्त्याने. दुसऱ्या घरातली आजी ठेंगणी असेल, घाट नसेल, गावात मारुतीचा मिस्त्री दारात असेल, तर उत्तर ब्रेझा येईल, आणि तेही तितकेच बरोबर असेल. म्हणून माझी गाडी पाहून कोणी गाडी घेऊ नये. माझ्या आईने जसे केले तसे मात्र प्रत्येकाने करावे.

दसऱ्याला गाडी दारात आली. गणिताच्या सरांनी पेढा घेतला आणि विचारले, "ॲव्हरेज किती देते?" मी सांगितले, अजून मोजले नाही. पहिली फेरी घाटाची झाली. आई मागे बसली होती, खिडकीशी. निघण्यापूर्वी मी मागे वळून तिचा पट्टा लावला. "टोचतो," ती म्हणाली. मी पदराची घडी तिच्या खांद्यावर पट्ट्याखाली सरकवली. वळणे आली, उतार आला. तिने या वेळी कोणाचा दंड धरला नाही. पोफळीच्या पुढे तिला झोप लागली.